मरुदाचलम आसारी आणि आटणारं लोखंड

कोइमतूरच्या अवारंपाळयम भागातल्या गल्ल्यांत हळू बोलणाऱ्या माणसाचं काही चालत नाही. एका अंगाला लेथ, दुसऱ्या अंगाला ग्राइंडर, समोर पंपांची चाचणी. इथल्या बायका कोथिंबिरीचा भावसुद्धा भांडण काढल्यासारखा विचारतात. या गदारोळात पन्नास वर्षं हळू बोलूनही ज्याचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही असा एकच माणूस, मरुदाचलम आसारी. जन्म सुताराच्या घरचा. जवळच्या वेडपट्टी गावात बाप बैलगाड्यांची चाकं करायचा. चौदाव्या वर्षी पोरगं कोइमतूरला आलं ते पॅटर्नच्या कारखान्यात, आणि सहासष्टाव्या वर्षीही तिथंच आहे. मधल्या काळात थोरले मालक वारले, त्यांचा मुलगा तुलसीराजन खुर्चीवर आला, कोपऱ्यावरच्या चिंचेच्या जागी एटीएम आलं. आसारी हलले नाहीत.

पॅटर्न म्हणजे पंपाचा लाकडी जुळा भाऊ. आधी लाकडात पंप घडवायचा, तो वाळूत दाबून अलगद काढून घ्यायचा, आणि मागे उरलेल्या पोकळीत फौंड्रीवाले लोखंड ओततात. यात एक मेख आहे. तापलेलं लोखंड निवताना आटतं. लोखंड शंभराला एक, गनमेटल शंभराला दीड, असा ज्याचा त्याचा स्वभाव. म्हणून लाकडी भाऊ तेवढा थोराड करावा लागतो. त्यासाठी या धंद्यात वेगळी पट्टीच असते, आटीची पट्टी. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब. त्या पट्टीने कुणी कापड मोजून विकलं तर त्याचं दिवाळं निघेल, पण पॅटर्नवाल्याचं त्याच पट्टीवर पोट.

कारखान्यात कॉम्प्युटर आला तो अठरा वर्षांपूर्वी. थोरल्या मालकांनी त्याच्यासाठी काचेची खोली केली, एसी बसवला, चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि एक ड्राफ्ट्समन ठेवला. तो गडी चार महिन्यांत दुबईला उडाला. मालक आसारींना म्हणाले, "आता तुम्हीच शिका." अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आसारींनी पहिल्यांदा माउस हातात धरला. ते तो रंध्यासारखा पुढे ढकलत न्यायचे आणि टेबल संपलं की थांबून विचार करायचे, आता काय? गल्ली महिनाभर हसली. सहा महिन्यांनी हसणं बंद झालं, कारण आसारींनी काढलेल्या चित्रावरून पहिला पंप निघाला आणि तो थेंबभरही गळला नाही.

त्यानंतर आसारींनी काढली ती अकराशे साठ चित्रं. पंपांची घरं, झाकणं, आतली पाती असलेली चाकं. सगळी बारीक रेघांची, तारांच्या पिंजऱ्यासारखी. भरीव रूप दाखव म्हटलं की त्या जुन्या मशीनला घेरी यायची, मग ते बंद करून पुन्हा चालू करा, तोवर कॉफी प्या. आसारींनी तो नादच सोडला होता. रेघा पडद्यावर, बाकीचा पंप डोक्यात.

यंदा पोंगल झाला आणि एका पंप कंपनीचं पत्र आलं. कारखान्याचं निम्मं काम त्यांचं. त्यांनी आपली सगळी व्यवस्था बदलली होती. महिनाअखेरपर्यंत सगळी चित्रं नव्या स्वरूपात हवीत, मापं तयार ओतकामाची, म्हणजे ओतून निघालेल्या पंपाची, हवीत, आणि ज्यांना हे जमेल त्यांनाच पुढचं काम. तुलसीराजन दुसऱ्या दिवशी नवा कॉम्प्युटर घेऊन आला. त्याच्यात नवी कोरी ऑपरेटिंग सिस्टिम. तिने आसारींच्या सॉफ्टवेअरला दारातसुद्धा उभं केलं नाही.

"नाही जमत तर राहू द्या आसारी," तुलसीराजन म्हणाला. "एजन्सी आहे, ती सगळी ओतकामं स्कॅन करून नव्याने काढून देते. जुनं सगळं पुसून टाकू. तुम्ही तरी किती दिवस डोळे फोडणार? आराम करा आता."

तो चांगल्या मनाने बोलला होता, आणि चांगल्या मनाने बोललेलंच जास्त लागतं. त्या दिवशी घरी आसारी पानावर बसून नुसते रसमकडे बघत राहिले. त्यांची बायको रुक्कुमणी म्हणाली, "कुणी गेलं का?"

"अजून नाही," आसारी म्हणाले.

त्यांना काय वाटत होतं ते सांगायला हवं, कारण त्यांनी स्वतः कुणाला सांगितलं नसतं. लाकडाला वाळवी लागते. पंप विहिरीत उतरला की तो गिऱ्हाइकाचा, आणि गंजला की भंगारवाल्याचा. बावन्न वर्षांत हातून झालेल्या कामातलं, बोट दाखवून हे माझं म्हणता येईल असं, त्या अकराशे साठ चित्रांखेरीज काही उरलं नव्हतं. ती पुसली गेली असती तर आसारींना आपण जगलो याचाच पुरावा गेल्यासारखं झालं असतं.

तुलसीराजनने एजन्सीच्या आधी एकदा प्रयत्न करून बघायचा म्हणून कयलविळीला बोलावलं. ही जवळच्या पीळमेडूची, बत्तीस वर्षांची. स्कूटरवर बॅग टाकून गल्लोगल्ली कारखान्यांचे कॉम्प्युटर उठते-बसते करते. तिने पहिल्यांदा जुन्या मशीनची पाठ बघितली. त्या सॉफ्टवेअरला एक किल्ली लागायची, अंगठ्याएवढी डबी, मशीनच्या मागे खोचलेली. ती नसली तर सॉफ्टवेअर ओळखच द्यायचं नाही. कयलने ती ओढून काढली आणि उजेडात धरली. आत चंदन, कुंकू आणि विभूतीचा थर बसला होता. दर आयुधपूजेला आसारींनी पटाशीला आणि करवतीला लावलं तसं तिलाही भक्तिभावाने लावलं होतं.

"अण्णा, हे कॉम्प्युटरचं आहे का पिळ्ळैयारच्या देवळातून उचललंय?"

"हत्यार आहे ते. पूजा नको करायला?"

"हत्याराच्या तोंडात कुंकू कोंबतात का?"

"अठरा वर्षं चाललं ना?"

"तेच तर. मला तुमच्या देवाचं नवल वाटतंय."

तिने जुना टूथब्रश आणि स्पिरिट मागवून ती डबी तासभर घासली. नव्या मशीनला जोडायला मधे एक जोड लावला. मग तिने जे केलं ते आसारी खुर्ची ओढून बघत बसले. तिने नव्या सिस्टिमच्या आत एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा केला. नव्या पडद्यावर एक चौकट उघडली आणि त्या चौकटीत आसारींचा जुना पडदा जसाच्या तसा उगवला. मागे त्यांनीच लावलेला मरुदमलैच्या मुरुगाचा फोटो, कोपऱ्यात त्यांच्याच फायली, इंग्रजीत चुकीची नावं दिलेल्या. आसारी उठून मशीनच्या मागे डोकावून आले.

"हे आत मावलं कसं?"

"मावतं अण्णा. त्याला वाटतंय आपण अजून जुन्याच मशीनवर आहोत. त्याला कुणी सांगितलेलंच नाही."

"म्हणजे नातीच्या पोटात आजोबा."

"आणि आजोबांना पत्ताच नाही!"

आसारी हसले नाहीत. "मुरुगा," असं पुटपुटून त्यांनी चौकटीतल्या फोटोला हात जोडले. माणूस म्हातारा होतो तेव्हा त्याला कुणी असं आत घेऊन, त्याच्या जगाला धक्का न लावता बसवलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं. पण ते बोलायची वेळ नव्हती, किल्ली चालते का ते बघायचं होतं. सॉफ्टवेअर उघडलं. चित्रं सगळी जागच्या जागी होती.

दुसऱ्या दिवशी कयलने चित्रं आतून बाहेर काढली आणि पहिलं चित्र नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. आसारींना रेघांची सवय. पडद्यावर रेघा नव्हत्या. तिथं लोखंडाचा पंप होता. करडा, जड, कडेवर उजेड पडलेला. कयलने माउस हलवला तसा तो सावकाश वळला, आणि उजेड त्याच्या पाठीवरून ओघळत गेला.

आसारींचा हात आपोआप पुढे गेला. पडद्याला लागला, काच लागली, तरी त्यांनी तो लगेच काढला नाही.

"हा मी काढला?"

"तुम्हीच. मी फक्त दिवा लावला."

"याची ही बाजू मी कधी बघितलीच नव्हती."

"अजून बघा," असं म्हणून कयलने पंप मधोमध कापला. आवाज नाही, भुसा नाही. पपई कापावी तसा तो उघडला. मग तिने नजर आत नेली. शंखासारखा वळत जाणारा तो पोकळ मार्ग, सुरुवातीला अरुंद, पुढे रुंद होत गेलेला, जिथून पाणी गरगरत वर चढतं. बावन्न वर्षं आसारींनी या पोकळीसाठी लाकूड कोरलं होतं, पण ते नेहमी बाहेरून, उलट बाजूने. पाण्यालाच ठाऊक असलेल्या जागेत ते आज पहिल्यांदा उभे होते. भिंत कुठेही अडखळत नव्हती. पटाशीच्या जोरावर अंदाजाने धरलेलं ते वळण खरोखरच तसं, सलग, गुळगुळीत होतं. आसारींचे डोळे भरून आले. "इतकं चांगलं जमलं होतं?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते त्यांनाही कळलं नाही.

ते सुख अकरा वाजेपर्यंत टिकलं. अकराला तुलसीराजन कंपनीचे कागद घेऊन आला आणि मापं ताडून बघू लागला. नवं सॉफ्टवेअर माप स्वतः घेऊन दाखवायचं. कागदावर दोनशे साठ मिलिमीटर, पडद्यावर दोनशे बासष्ट पूर्णांक सहा. दुसरं चित्र, एकशे दहाच्या जागी एकशे अकरा पूर्णांक एक. एका गनमेटलच्या चाकात एकशे पन्नासला सव्वादोन जास्त. चारशेच्या झाकणात चार जास्त. त्याने किल्ली परत जुन्या मशीनला खोचून तिथं तेच चित्र उघडायला लावलं. तिथं मात्र स्वच्छ दोनशे साठ.

"बघ बाई," तुलसीराजन कयलला म्हणाला, "जुन्यात बरोबर, नव्यात चूक. तुझ्या त्या पोटातल्या आजोबाने चित्रं सुजवली. इकडे दोन, तिकडे चार, काही ताळमेळ? हे कंपनीला पाठवलं तर उद्यापासून गल्लीत तोंड दाखवायला नको."

"सर, असं होत नाही. चित्र बाहेर काढताना माप बदलत नाही."

"मग माझ्या डोळ्यांना झालंय का काही? एजन्सीला फोन करतो. तुझं हे काम इथंच थांबव."

कयलने माउसवरचा हात काढला. या गल्लीत बातमी लेथपेक्षा जास्त वेगाने फिरते. संध्याकाळपर्यंत दहा कारखान्यांत झालं असतं की कयलविळीने तुलसीराजनची चित्रं बिघडवली. आसारींनाही आधी नव्या मशीनचाच राग आला. माझी धडधाकट पोरं हिने सुजवली, असंच त्यांना वाटलं.

दुपारी त्यांनी लाकडाच्या ढिगावर बसून डबा उघडला. डाळ घालून शिजवलेला अरिसि-परुप्पु भात, वर तूप, बाजूला लोणचं. घास हातात घेतला आणि डोक्यात आकडे फिरत राहिले. दोनशे साठला दोन पूर्णांक सहा. एकशे दहाला एक पूर्णांक एक. चारशेला चार. गनमेटलला मात्र...

घास हातातच राहिला.

शंभराला एक. गनमेटलला दीड. झोपेतून उठवून विचारलं तरी पॅटर्नवाला सांगेल असा हिशेब, आणि तो त्यांना दोन तास दिसला नव्हता. कॉम्प्युटरमध्ये आटीची पट्टी नसते. तिथले सेंटिमीटर सगळे सरळमार्गी. म्हणून अठरा वर्षांपूर्वी, पहिल्याच चित्राला, आसारींनी आट मनात धरून माप वाढवून काढलं, कारण त्यांच्या लेखी चित्र हे पॅटर्नचंच असायचं, दुसरं कशाचं असणार? आणि गिऱ्हाइकाला कागदावर त्याचाच आकडा दिसावा म्हणून वाढीव आकडा पुसून तिथं साधा आकडा हाताने लिहिला. पुढं ते अंगवळणी पडलं. मीठ कधी घातलं ते सुगरणीला आठवत नाही, तसं. जुन्या मशीनने लिहिलेलं वाचून दाखवलं. नव्याने मोजून दाखवलं.

डबा तसाच ठेवून आसारींनी हात धुतले. गप्प बसणं फार सोपं होतं. दोष नव्या सिस्टिमवर होता, आणि सिस्टिमला कुठं तोंड असतं? पण काचेच्या खोलीत कयल बॅग आवरत होती, आणि तिला तोंड होतं, ते उतरलेलं होतं.

"मुदलाळी," आसारी दारातून मालकाला म्हणाले, "फोन ठेवा. चूक तिची नाही, माझी आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. हळू आवाजात, खाली न बघता. पन्नास वर्षांत या गल्लीने मरुदाचलम आसारींच्या तोंडून "माझी चूक" हे शब्द ऐकले नव्हते, कारण तशी वेळच आली नव्हती.

"म्हणजे अठरा वर्षं तुम्ही आकडे वरून लिहीत होता?" तुलसीराजन मटकन खुर्चीवर बसला. "आणि बापाला माझ्या कळलं नाही?"

"तुमच्या वडिलांना पंप हवा होता. पंप बरोबर निघायचा."

कयल मात्र बॅग टाकून पुढे आली होती. "थांबा अण्णा. म्हणजे एकही चित्र चुकलेलं नाही?"

"चुकलेलं कसं नाही? सगळी मोठी आहेत."

"मोठी आहेत, पण सगळी नेमकी मोठी आहेत! जेवढी हवीत तेवढीच. मी ती एका आज्ञेत खरी करून देते, फक्त कुठलं चित्र कुठल्या धातूचं ते कळायला हवं." तिने फायलींची यादी खाली सरकवली आणि तिचा चेहरा पुन्हा पडला. "पण धातू तर कुठंच लिहिलेला नाही, आणि हाताने लिहिलेले आकडे जुन्यातच राहिलेत. एकेक ताडत बसले तर महिना जाईल."

"मला माहीत आहे," आसारी म्हणाले.

"अकराशे साठ?"

"तू उघडत जा."

तीन दिवस ती उघडत गेली आणि आसारी सांगत गेले. लोखंड. लोखंड. गनमेटल, हे बोटीच्या पंपाचं, खाऱ्या पाण्याला लोखंड टिकत नाही. लोखंड, याच्या बुडाशी फौंड्रीवाल्याने भांडण काढलं होतं. प्रत्येक पंप पडद्यावर जड आणि उजळ होऊन वळायचा आणि आसारी त्याला गर्दीत भेटलेल्या भाच्यासारखं ओळखायचे. तुलसीराजनने खात्री म्हणून मधली दहा निवडून माळ्यावरच्या पॅटर्नशी ताडली. दहाही बरोबर. त्यानंतर तो दारात उभा राहून नुसता ऐकायचा, आणि कॉफी स्वतः घेऊन यायचा. एकतीस चित्रांना आसारी "आठवत नाही" म्हणाले. अंदाज सांगितला नाही. ते स्वतः शिडी चढून माळ्यावर गेले, पॅटर्न शोधून, धूळ झटकून, दोन्ही धातूंच्या आटीच्या पट्ट्या लावून कुठल्यावर माप पुरं येतं ते बघून खाली आले, आणि मगच धातू सांगितला. कयल म्हणाली, "अण्णा, सहासष्टाव्या वर्षी शिडी?" तर लेकीला म्हणावं तसं म्हणाले, "अम्मिणी, एकदा वरून आकडा लिहिला तेवढं पुरे झालं."

चौथ्या दिवशी सकाळी सगळं तयार झालं. कयलने पहिलं चित्र उघडलं, आणि त्याच्यावर कंपनीच्या कागदांवरच्या मापांनी स्वतः काढलेलं खरं चित्र ठेवलं. कंपनीचं करड्या रंगात, आसारींचं लाल. आसारींचा पंप सगळ्या बाजूंनी जरा जरा बाहेर डोकावत होता. करड्याभोवती लाल कड, सारखी, नखाएवढी.

"शंभराला एक," कयल म्हणाली. "करू?"

आसारींनी मान हलवली. तिने कळ दाबली.

लाल कड सगळीकडून एकदम आत निघाली. घाई न करता, कुठं पुढे कुठं मागे न होता, तोंडाकडून, पाठीकडून, शंखाच्या आतल्या वळणातून; आणि करड्याला सगळीकडे एकाच वेळी टेकून नाहीशी झाली. केसाएवढीही रेघ कुठं उरली नाही.

आसारींनी चष्मा काढला. बावन्न वर्षं त्यांनी लोखंडाला आटायला जागा ठेवली होती. ते आटणं वाळूच्या आत व्हायचं, अंधारात, आणि वाळू फोडेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असायचं. इतकी वर्षं त्यांनी ते न बघताच मानलं होतं, देवाला मानतात तसं.

"आत असंच होतं का ग?" त्यांनी विचारलं.

"असंच होत असणार अण्णा. किती आटायचं ते तुम्हीच तर सांगितलंत."

म्हातारा रडला. उघड रडला, तुलसीराजनसमोर, काचेच्या खोलीत, बाहेर सगळी गल्ली दिसत असताना. मग धोतराच्या टोकाने डोळे पुसून त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"दुसरं लाव," ते म्हणाले. "सावकाश. मला सगळी बघायची आहेत."